अठरा रंगांबद्दल लेखी अभिप्राय

काकूंच्या खुर्चीत बसायला आलेला माणूस बसायच्या आधीच अर्धा खचायचा. त्या बोलायच्या काही नाहीत. नुसतं बघायच्या. आधी कपाळ, मग नाकाच्या दोन्ही बाजू, मग डोळ्यांखालची काळी वर्तुळं, आणि मग "बसा" म्हणायच्या. ते अशा सुरात, की समोरच्याला वाटावं, आपल्याला घडवताना कुणीतरी बरीच हयगय केली आहे आणि आता ती निस्तरायचं काम या बाईंच्या गळ्यात पडलंय.

बातम्यांच्या त्या चॅनलमध्ये काकू बावीस वर्षं मेकअप करत होत्या. तिसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून दोन खुर्च्यांची खोली. आरशाभोवती बारा दिवे, त्यातले नऊ लागणारे. एसीचा झोत नेमका डाव्या खुर्चीवर यायचा, तिथे बसणाऱ्याची पावडर नीट बसायची नाही, म्हणून जो काकूंच्या मनातून उतरला असेल त्याची रवानगी डाव्या खुर्चीत व्हायची. अँकर मंडळींना त्या बातम्यांच्या वेळेवरून ओळखायच्या. सातवाला, साडेआठची, दहाची जोडी. "चेहरे बदलत असतात, घड्याळ तेवढं खरं," असं म्हणायच्या.

त्याआधी अकरा वर्षं काकू बाहुल्यांच्या कारखान्यात होत्या. तिथे त्यांच्याकडे फक्त डोळे होते. गाल शेजारणीकडे, ओठ तिच्या पलीकडच्या बाईकडे. दिवसाला चारशे जोड्या डोळे, आणि वरच्या पापणीची रेघ एका दमात, हात न उचलता. कारखाना बंद पडला त्याच वर्षी नवरा गेला. तेराव्या दिवशी नवऱ्याची थोरली बहीण, म्हणजे वन्सं, एक पेटी आणि एक टाइपरायटर घेऊन दारात उभ्या राहिल्या. "चार दिवस राहते," म्हणाल्या आणि राहिल्याच. वन्सं कोर्टात टायपिस्ट होत्या, लग्न केलं नव्हतं, आणि उभ्या आयुष्यात त्यांच्या हातून एक काना इकडचा तिकडे झाला नव्हता. दोघींचं पटायचं, कारण दोघींनाही जगातलं फारसं काही पटत नव्हतं.

तर अशा या काकू. महागड्या क्रीमच्या बरणीचं झाकण उघडून त्या नुसता वास घ्यायच्या आणि "मेण" म्हणून बाजूला ठेवायच्या. फोनवर कुणी पोरगी गालाला सतरा थर लावून दाखवायला लागली की म्हणायच्या, "भिंतीला गिलावा करताना गवंडीसुद्धा एवढा माल वाया घालवत नाही." स्वतःची त्यांची पेटी साधी होती. तीन तपकिरी, एक राखाडी, एक काळा, एक मातकट गुलाबी. तेवढ्यात बावीस वर्षं निभावली होती.

चॅनलने नवे कॅमेरे आणले आणि सगळं बिघडलं. जुन्या कॅमेऱ्यात माणूस बरा दिसायचा, कारण नीट दिसायचाच नाही. नव्यात गालावरची लव मोजता यायची. सातवाला पंचवीस वर्षांचा होता, त्याला काही फरक पडला नाही. फरक पडला साडेआठचीला.

साडेआठची अकरा वर्षं सकाळी साडेआठच्या बातम्या देत होती. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, वाचताना एकदाही अडखळायची नाही. वय सांगायची नाही, पण काकूंना सांगायची गरजही नव्हती, त्यांना ते पापणीवर दिसत होतं. एका सोमवारी ती खुर्चीत बसली आणि तिने फोन काकूंच्या नाकासमोर धरला.

"काकू, हे बघा."

फोनवर एक चपटी काळी डबी होती. आत अठरा रंग, चौकोनी चौकोनी.

"काय आहे?"

"आयशॅडो पॅलेट. बाहेरची आहे. मोठमोठ्या अँकर हीच वापरतात. ऑफिसकडे मागितलीय मी."

काकूंनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. प्रत्येक रंगाखाली त्याचं नाव होतं. साडेआठचीने ती वाचून अर्थ सांगितले. एकाचं नाव कुजबुज, एकाचं राणीचा नकार, एकाचं उसनं चांदणं.

"आणि हा?" काकूंनी एका चिखली रंगावर बोट ठेवलं.

"तो... पश्चात्ताप."

"बरोबर. घेतल्यावर तोच आधी उघडत असेल."

साडेआठची हसली नाही. "नव्या कॅमेऱ्यात माझे डोळे मेल्यासारखे दिसतात, काकू. तुमच्या त्या तीन तपकिरींनी आता भागायचं नाही."

काकूंनी ब्रश जरा जोरात झटकला, आणि साडेआठचीला दोन शिंका आल्या.

बुधवारी साहेबांचं बोलावणं आलं. साहेब म्हणजे प्रशासनाचे. त्यांच्या सहीशिवाय इमारतीत दिवाही बदलत नव्हता, आणि सही करायला त्यांचा हात सहसा उठत नव्हता. म्हणूनच आरशाचे तीन दिवे तीन वर्षं बंद होते. काकू त्यांच्या खोलीत बावीस वर्षांत चौथ्यांदा गेल्या असतील.

"काकू, बसा. त्या पॅलेटबद्दल अर्ज आलाय. किंमत बघितलीत? एवढ्यात दोन खुर्च्या येतात."

"मग खुर्च्या आणा."

साहेब मंद हसले. "तसं नाही. तुम्ही तज्ज्ञ आहात. मला तुमचा लेखी अभिप्राय हवा. वस्तू कशी आहे, त्यांना खरंच गरज आहे का, असेल तर का. सविस्तर लिहा. कुणाची भीड बाळगू नका."

काकूंना जन्मात कुणी तज्ज्ञ म्हटलं नव्हतं. जिना उतरताना त्यांनी मनातल्या मनात तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला, आणि त्याची त्यांना तिथल्या तिथे लाजही वाटली. पण चाल बदलली होती.

शनिवारी त्या दुकानात गेल्या. काचेचं दार, दारात सूटबूट घातलेला माणूस, आत अत्तरांच्या वासांची नुसती रेटारेटी. काकूंच्या खांद्याला कापडी पिशवी, पायात रबरी चपला. त्या माणसाने त्यांना पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. काकूंनी त्याला डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "कॉलरला फाउंडेशन लागलंय. उजव्या बाजूला." तो कॉलर चाचपायला लागला, तेवढ्यात त्या आत शिरल्या.

पॅलेट काचेच्या चौथऱ्यावर एकटीच ठेवली होती, वरून दिवा सोडलेला. शेजारी विकणारी मुलगी. तिच्या पापण्यांवर जांभळ्याचे तीन थर होते आणि डाव्या डोळ्याचा थर उजव्याहून बोटभर लांब गेला होता.

"मॅडम, हात नका लावू हं. मी दाखवते." तिने एका बाटलीतला चिकट थेंब काकूंच्या मनगटावर चोळला आणि त्यावर बोटाने रंग ओढला. रंग झळकला. "बघा, किती पिगमेंट आहे!"

"हे आधी काय लावलंस?"

"बेस."

"बेस वेगळा विकता ना?"

"हो, तो वेगळा."

"मग पूस. ज्याची किंमत विचारलीय तेवढंच दाखव."

मुलीने पुसलं. कोरड्या कातडीवर तोच रंग निम्मा झाला आणि त्याची भुकटी काकूंच्या बाहीवर सांडली. काकूंनी बाही तिच्यापुढे धरली. मग मुलीच्या हातातून डबी घेतली आणि चौथऱ्यावर पिशवी ठेवून कामालाच लागल्या. एकेका रंगावर करंगळी, करंगळीवरून हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत अठरा पट्टे. बाजूच्या दोन बायका बघायला थांबल्या.

"हा आणि हा यात फरक काय?" काकूंनी दोन पट्ट्यांवर नख ठेवलं.

"हा वॉर्म आहे, मॅडम. हा थोडा... जास्त वॉर्म."

"आणि हा तिसरा?"

मुलीने वाकून पाहिलं. "तो पण वॉर्म."

अठरापैकी सहा तपकिरी डोळे बारीक केले की एकच होते. चमकणारे सात लोण्यासारखे मऊ, पण नुसती चमक, मागे रंग नाही. दोन इतके खडूसारखे, की पाटीवर लिहावं. काकूंनी डबी उलटी केली. खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत वजन लिहिलं होतं. एकेका चौकोनात चमचाभरसुद्धा भुकटी नव्हती.

"मग एवढी जड कशानं?"

"आरसा आहे ना, मॅडम. आणि झाकणाला मॅग्नेट." मुलीने आजूबाजूला पाहिलं, दोघी बायका पुढे सरकल्या होत्या. मग ती हळू आवाजात म्हणाली, "खरं सांगू का, काकू? रंग कुणी एवढे बघतच नाही. मी झाकण बंद करून दाखवते." तिने झाकण सोडलं. टप् असा घट्ट, गुबगुबीत आवाज झाला, महागड्या मोटारीच्या दारासारखा. "हा आवाज ऐकला की बायका पर्स उघडतात."

"तू घेतलीस का?"

"मी?" मुलगी फिस्सकन हसली. "मी दिवसातनं चाळीस वेळा आवाज ऐकते. तेवढ्यावर समाधान."

काकूंना त्या दुकानात आवडलेली तेवढी एकच गोष्ट, ती पोरगी. जाता जाता त्यांनी अंगठ्याने तिचा डावा डोळा पुसून उजव्याच्या मापाचा करून दिला.

पण बाहेर रस्त्यावर, उन्हात हात धरल्यावर त्यांना एक पट्टा दिसला आणि त्या उभ्याच राहिल्या. वरून अकरावा. राखाडीही नाही, तपकिरीही नाही, चमक शून्य. ओल्या लाकडावर सावली पडावी तसा. सैल पडलेल्या पापणीवर तो लावला तर पापणी उचलल्यासारखी दिसेल, हे त्यांना पट्टा पाहताक्षणी कळलं. असा रंग स्वतःच्या तीन तपकिरी आणि एक राखाडी कालवून बनवायचा त्यांनी वर्षानुवर्षं प्रयत्न केला होता, आणि दर वेळी तो मळकट झाला होता. त्याचं नाव काय ते त्यांनी आत बघितलंच नव्हतं. असेल काहीतरी फालतू.

"हं," एवढंच म्हणाल्या आणि बाही खाली ओढली.

घरी वन्संनी टाइपरायटरवरचं कापड काढलं, कागद चढवला, कार्बन लावला आणि ताठ बसल्या.

"बोल."

"लिहा. ही डबी म्हणजे शुद्ध रद्दी आहे."

"रद्दी हा शब्द अभिप्रायात बसत नाही. रद्दी कशी, ते सांग. वाचणाऱ्याने स्वतः रद्दी म्हटलं पाहिजे."

मग दोघींनी संध्याकाळपर्यंत खल केला. काकू शिव्या घालायच्या आणि वन्सं त्यांचं निवेदन करायच्या. "डबीचे वजन आरशाचे व लोहचुंबकाचे असून रंगाचे नाही. सहा छटा परस्परांपासून वेगळ्या ओळखता येत नाहीत. चकाकणाऱ्या छटा स्टुडिओच्या दिव्याखाली अपायकारक ठरतील." टाइपरायटर खडखडत होता. अकराव्या रंगाचं काकू बोलल्याच नसत्या, पण वन्संनी त्यांच्या हाताकडे बघून विचारलं, "हा एक पुसला का नाहीस?"

"राहिला."

"चांगला आहे का?"

"एक आहे बरा. एकासाठी सतरा कोण घेणार?"

"ते साहेब ठरवतील. बरा आहे तर लिहायचं. पुरावा दडवता येत नाही."

"लिहा मग," काकू फणकारल्या. "सैल पडलेल्या पापणीला एकच छटा उपयोगी आहे. आणि साडेआठचीच्या पापण्या सैल पडल्यात, दोन वर्षं झाली. नव्या कॅमेऱ्यात ते लपत नाही. कुठल्याही डबीने लपणार नाही. साहेबांनी गरज आहे का ते विचारलंय, तर हेच उत्तर."

वन्संची बोटं क्षणभर थांबली. "हे लिहू?"

"सविस्तर म्हणालेत."

वन्संनी लिहिलं. काकूंनी खाली सही केली, तारीख घातली. सही करताना हात असा डौलात फिरला, जणू सनद देतायत.

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला, "उत्तम, अगदी मुद्देसूद" म्हणाले आणि खणात ठेवला. अर्ज नामंजूर झाला. काकू आठवडाभर खुशीत होत्या. आपण एका मूर्खपणाला आळा घातला, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि वन्संनी ते दिवसातनं तीनदा ऐकून घेतलं.

पुढच्या सोमवारी साडेआठची आली, खुर्चीत बसली आणि पर्समधून काळी डबी काढून आरशाखाली ठेवली. टप्.

"स्वतः घेतली," ती म्हणाली. "ऑफिसला नको, तर नको."

काकूंनी ओठ दाबले.

"हा लावा. उसनं चांदणं. पूर्ण पापणीवर. भुवईपर्यंत."

"लाइटखाली चमकेल."

"चमकावं म्हणूनच घेतलाय."

"बरं दिसणार नाही."

"काकू," साडेआठचीने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं, "तुम्ही तुमचा अभिप्राय दिलात. मला नकार मिळाला. झालं ना समाधान? बाहुल्यांना विचारून रंग लावत होता का तुम्ही? नाही ना? मग बाहुल्या कधी काही म्हणत नसत तसं आता तुम्हीही काही म्हणू नका. लावा."

खोलीत आणखी कुणी नव्हतं. काकूंच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. एरवी त्यांनी ब्रश ठेवला असता, दोन शब्द सुनावले असते, भांडल्या असत्या, दहादा सांगितलं असतं, आणि शेवटी आपलंच खरं केलं असतं. अकरा वर्षं असंच चाललं होतं. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "मिटा डोळे."

आणि लावला. हातचं न राखता लावला. एक थर, त्यावर दुसरा, पाण्याने बोट ओलं करून तिसरा. भुवईपर्यंत. काम मात्र निर्दोष, कडा धारदार, दोन्ही डोळे एका मापाचे. साडेआठचीने डोळे उघडले, आरशात पाहिलं, आणि ती खरोखर खुलली. "बघा!" म्हणाली आणि लगबगीने गेली.

बातम्या सुरू व्हायच्या आधी कंट्रोल रूममध्ये जाऊन मॉनिटरवर चेहरा बघायचा, हा काकूंचा बावीस वर्षांचा शिरस्ता. ताप असतानाही तो चुकला नव्हता. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला आणि टोस्ट खात बसल्या.

भिंतीवरच्या टीव्हीचा आवाज बंद होता. पहिलीच बातमी होडी उलटल्याची. सतरा माणसं बुडाली होती, त्यात लहान मुलं. साडेआठची गंभीर चेहऱ्याने वाचत होती, आणि तिने डोळ्यांची उघडझाप केली की दोन पापण्या लख्खकन पेटायच्या. डोळा मारल्यासारख्या. लग्नघरातल्या माळेसारख्या. वाचताना खाली नजर गेली की लख्ख, वर आली की विझलं. लख्ख, विझलं. बुडालेल्यांची यादी संपेस्तोवर हेच. वर कॅमेरा नवा, एकही कण न सोडणारा.

काकूंना हसू आलं. हे त्यांनी पुढे वन्संजवळ कबूल केलं. पहिली दोन मिनिटं त्या टोस्ट हातात धरून हसल्या. मग टीव्हीवर रडणाऱ्या एका बाईचा चेहरा आला, आणि पुन्हा साडेआठची, आणि पुन्हा लख्ख. काकूंनी टोस्ट खाली ठेवला. कंट्रोल रूमकडे निघाल्या, दारापर्यंत गेल्या, आणि आता जाऊन काय सांगणार म्हणून परत फिरल्या. बातम्या बावीस मिनिटं चालल्या. मधल्या जाहिरातीत कुणीतरी ओला रुमाल घेऊन धावला, पण तो रंग पाण्याने जाणारा नव्हता. पुसल्यावर गालांवरही चमकी आली.

दुपारपर्यंत ते दृश्य गावभर झालं. कुणी पापण्यांना ठेका लावला, कुणी गाणं जोडलं. लोकांना सतरा माणसं बुडाल्याचं अशा रीतीने कळलं.

साडेआठची दहा वाजता खोलीत आली. काकू उभ्या होत्या, भांडणाची सगळी वाक्यं त्यांनी तोंडात तयार ठेवली होती. पण ती भांडली नाही. खुर्चीत बसली, मान मागे टाकली. काकूंनी कापसावर तेल घेतलं आणि पुसायला लागल्या.

"तुम्हाला माहीत होतं," ती मिटल्या डोळ्यांनी म्हणाली.

"सांगितलं होतं."

"एकदा."

काकूंचा हात थांबला.

"अकरा वर्षांत तुम्ही मला कुठलीही गोष्ट एकदा सांगितली नाहीत, काकू. लिपस्टिकवरून तुम्ही एकदा माझ्याशी आठवडाभर भांडलात."

कापूस चमकीने भरला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. खालून चेहरा आला तो रोजचाच, थकलेला, डोळ्यांवर ओघळलेला. रोज सकाळी काकू तो बघायच्या आणि मनात नाक मुरडायच्या. वय झालं की कळत कसं नाही एकेकाला, असं. आज त्यांना तो नुसता चेहरा दिसला.

"साहेबांनी महिन्याभरापूर्वी बोलावलं होतं मला," साडेआठची सांगू लागली. "जरा ताजेपणा आणा म्हणाले. कुठून आणायचा, ते सांगितलं नाही. म्हणून मी ही डबी मागितली. मूर्खपणाच. पण दुसरं काय मागणार होते?"

काकूंनी चौथा कापूस घेतला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. साडेआठची आधीच तिथे उभी होती. टेबलावर वन्संनी टाइप केलेला कागद पसरलेला, आणि त्यातल्या एका परिच्छेदाखाली लाल रेघ.

"काकू, तुमचा अभिप्राय फार कामाला आला," साहेब म्हणाले. "चकाकणाऱ्या छटा अपायकारक, असं तुम्ही तारखेनिशी लिहिलंय. म्हणजे मेकअप विभागाने इशारा दिला होता आणि बाईंनी मनमानी केली, हे स्पष्ट होतं. आणि हा खालचा भाग, पापण्यांचा. हेही तज्ज्ञांचं मत. हे मी म्हटलं असतं तर बाई कोर्टात गेल्या असत्या. हे तुम्ही म्हटलंय."

मग त्यांनी तो भाग मोठ्याने वाचून दाखवला, संथपणे, स्वल्पविराम घेत. सैल पडलेल्या पापण्या. नव्या कॅमेऱ्यात लपत नाहीत. वन्संचं टायपिंग स्वच्छ असल्यामुळे कुठे अडायलाही झालं नाही. साडेआठची भिंतीकडे बघत होती. मग काकूंकडे वळली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "एक रंग माझ्या उपयोगाचा आहे, असं लिहिलंय तुम्ही यात. डबी काल तुमच्यासमोर होती. तेवढं तरी बोलायचंत."

काकूंना डबीचा तिरस्कार होता, दुकानाचा होता, फोनवरच्या पोरींचा होता. पण त्या खोलीत, त्या तुळतुळीत टेबलासमोर त्यांना जो तिरस्कार वाटला, तो या सगळ्याहून जाड होता, आणि तो निम्मा साहेबांचा आणि निम्मा स्वतःचा होता. हा माणूस रंगांबद्दल विचारत नव्हता. त्याला एका बाईला काढायचं होतं आणि हात आपले बरबटायचे नव्हते. त्याने तज्ज्ञ म्हटलं आणि आपण शेपूट हलवत गेलो. दुकानातली पोरगी झाकणाचा आवाज काढून बायकांना भुलवते. याने एक शब्द काढून आपल्याला भुलवलं, आणि तेही फुकटात.

"साहेब, पेन द्या."

"कशाला?"

"अभिप्राय अपुरा आहे."

साहेबांनी दिलं. काकूंनी कागद ओढला आणि सहीच्या खाली, मोकळ्या जागेत, आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं. एकेक शब्द कोरत. त्या दिवशी रंग मीच लावला. एका थराने भागलं असतं, तीन लावले. दिसणार कसं ते मला माहीत होतं. मॉनिटर बघणं माझं काम आहे, मी मुद्दाम गेले नाही. खाली पुन्हा सही.

साहेबांनी वाचलं. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "हे कशासाठी? यात तुमचंच नुकसान आहे."

"लेखी हवं होतं ना तुम्हाला? कुणाची भीड बाळगू नका म्हणालात."

"हा कागद आता वापरता येणार नाही."

"मग अभिप्राय चांगला झाला," काकू म्हणाल्या आणि न विचारता निघाल्या.

याने फार काही साधलं असं नाही. साहेबांचा हिय्या झाला नाही म्हणून साडेआठचीची नोकरी वाचली, एवढंच. सकाळची वेळ गेलीच. तिला दुपारी दोनच्या बातम्यांवर टाकलं, जेव्हा टीव्ही लावून लोक झोपलेले असतात. काकूंना लेखी ताकीद मिळाली. वन्संनी ती चष्मा लावून वाचली, लाल पेन्सिल घेतली आणि म्हणाल्या, "सात चुका. निष्काळजीपणातला ष्क तरी धड लिहायचा. असल्या कागदाने ताकीद लागू होत नाही." आणि दुरुस्त करून ती भिंतीवर टोचली.

"भिंतीवर कशाला?" काकू चिडल्या.

"दोष कबूल केलास तेवढं एकच काम तू या प्रकरणात नीट केलंस. बाकी सगळं मी टाइप केलं, ही माझी लाज. वाचत जाऊ दोघी."

दीड महिना साडेआठची, म्हणजे आता दोनची, काकूंशी कामापुरतं बोलली. मिटा, उघडा, वर बघा, एवढंच. माफी काकूंनी मागितली नाही. त्यांना ते जमत नव्हतं आणि तिलाही ते ऐकायची हौस नव्हती. पहिल्या दिवशी काकूंनी डबीतला अकरावा रंग बोटावर घेऊन तिला दाखवला, ती "लावा" म्हणाली, आणि तेव्हापासून तोच लागत होता. पापण्या खरोखर बऱ्या दिसायच्या. दोनला बघायला कुणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

साडेआठच्या बातम्यांना नवी मुलगी आली. कातडी अशी, की काकूंना करायला काही कामच उरलं नाही. टपोरे डोळे, ताणलेल्या पापण्या, नव्या कॅमेऱ्याला नजर देणाऱ्या. साहेब स्वतः स्टुडिओत येऊन बघून गेले.

एके दिवशी दोनची लवकर आली होती. दोघी खोलीत होत्या, टीव्हीवर सकाळच्या बातम्या पुन्हा लागल्या होत्या, या वेळी आवाजासकट. नवीने एका ठरावाची बातमी वाचली. ‘सर्वानुमते’ला ‘सर्वानुपते’ म्हणाली. मग ‘तहकूब’ची ‘तहबूक’ केली. शेवटी एका मृताचं वय सांगताना गोड हसली.

काकूंनी आरशात पाहिलं. दोनचीनेही त्याच वेळी पाहिलं. दोघींचे चेहरे एकदमच वाकडे झाले होते.

"डोळे सुंदर आहेत हो तिचे," दोनची म्हणाली.

"डोळ्यांना काय धाड भरलीय," काकू म्हणाल्या. "तोंड उघडू नये तिने."

मग बराच वेळ, पावडर बसेपर्यंत, दोघींनी मिळून त्या पोरीची मनसोक्त सालटी काढली.